तीन माणसं, भाडं सातशे

आमचे घरमालक अप्पाराव दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं न्यायला येतात, आणि तेव्हा त्यांचा चेहरा सुतकी असतो. भाडं घेताना हसलं तर भाडेकरू डोक्यावर बसतो, असं त्यांचं शास्त्र आहे. एकोणीस वर्षांत त्यांनी ते एकदाही मोडलं नव्हतं. त्यामुळे सत्त्याण्णव सालच्या दसऱ्यानंतर, सतरा तारखेला, म्हणजे आमचा त्यांचा काहीही संबंध नसलेल्या दिवशी, ते हसत हसत दारात उभे राहिले तेव्हा भामाने चहाचं आधण ठेवायच्या ऐवजी मला हाक मारली, "अहो, बाहेर या. काहीतरी वाईट झालंय."

मी बाहेर आलो. अप्पारावांनी माझा हात हातात घेतला.

"उत्तमराव गारू, खुशखबर! बिल्डर मिल गया. चार मंजिल का अपार्टमेंट. लिफ्ट बी."

"अभिनंदन," मी म्हणालो.

"उगादी तक खाली करना अंडी."

'गारू' आणि 'अंडी' म्हणजे तेलुगूतलं 'राव' आणि 'अहो', आणि उगादी म्हणजे आपला गुढीपाडवा. मी अभिनंदन करून बसलो होतो. एकदा केलेलं अभिनंदन परत घ्यायची सोय मराठीत नाही, उर्दूत नाही आणि तेलुगूत असली तरी मला ती येत नव्हती. अप्पाराव हसतच गेले. भामा म्हणाली, "तुम्हाला कोणी घराबाहेर काढलं तरी तुम्ही हार घालाल त्याला." या वाक्यात पुढच्या सहा महिन्यांचं सगळं भविष्य होतं, पण ते तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं नाही.

मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या. मी, भामा आणि मुलगी वैशाली. मी एका सरकारी खात्यात हेडक्लार्क, निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. आजूबाजूला चौकशी केली तेव्हा कळलं की आम्ही देत होतो त्या भाड्यात मलकपेठेत आता फक्त स्कूटर ठेवायला जागा मिळते, तीही बिनछपराची. शहरात कॉम्प्युटर आला होता. कॉम्प्युटर आला की घरभाडं का वाढावं, हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. पण जो तो मान हलवून "कॉम्प्युटर आया ना" म्हणायचा, पूर्वी "महापूर आया ना" म्हणायचे तसं.

याला थोडाफार जबाबदार आमच्या वरच्या मजल्यावरचा सारंग होता, असं माझं खासगी मत आहे. सारंग पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. मुलगा गुणी, पण राहायला आला त्या दिवशी भर जिन्यात अप्पारावांच्या समोर म्हणाला, "पुण्याच्या मानाने हे फुकट आहे हो!" अप्पारावांना मराठी येत नाही. तरी 'फुकट' हा शब्द त्यांना कसा कोण जाणे बरोबर समजला.

त्याच सारंगने आता मला मार्ग दाखवला. "काका, टेन्शन कशाला घेता? निवृत्त झाल्यावर हैदराबादच कशाला पाहिजे? राज्यातल्या चार शहरांची तुलना करा. भाडं, पाणी, वीज, भाजी. जे शहर परवडेल तिथे जायचं. डेटा गोळा करा, काका, डेटा!"

मला हे पटलं. तुलना हा माझा हातखंडा. तीस वर्षं खात्यात मी दुसरं काही केलेलं नाही. तीन दरपत्रकं मागवायची, तक्ता करायचा, आणि साहेबांनी चौथ्यालाच काम दिलं की तक्ता फायलीत लावायचा. राज्याबाहेर मात्र जायचं नव्हतं. राज्य बदललं की पेन्शनचे कागद बदलतात, आणि आमच्या खात्यात कागद बदलून मिळेपर्यंत माणसाचा जन्म बदलतो. म्हणून आंध्रातलीच चार शहरं निवडली: निजामाबाद, वरंगल, कर्नूल, राजमहेंद्री.

ही बातमी गल्लीत पसरायला अर्धा तास लागला. समोरचे खलीलभाई, निवृत्त बस कंडक्टर, लगेच बसायला वेताचा मोडा घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. राज्यातलं प्रत्येक गाव त्यांना पाठ होतं, मात्र प्रत्येक ठिकाणी ते वीस मिनिटंच थांबलेले.

"वरंगल? नक्को मियाँ. चाय में पानी नै डालते उनो, पानी में चाय डालते."

"आणि कर्नूल?"

"धूप इत्ती, के परछाईं बी छाँव ढूँढती. राजमंड्री अच्छा है, मगर मच्छर पहलवान. निजामाबाद जाओ. बस अड्डे पे समोसा बोले तो... वाह!"

मी वहीत निजामाबादसमोर 'समोसा उत्तम' असं लिहिलं. माहिती कुठल्याही दर्जाची असली तरी नोंद करावी, हे खात्याचं वळण.

मग मी एक पत्र तयार केलं. वर आमच्या गरजा, खाली प्रश्न. हे पत्र चारही गावांतल्या ओळखीच्या लोकांना आणि तिथल्या काही कचेऱ्यांना पाठवायचं ठरलं. गरजा अशा होत्या:

खोल्या: दोन. माणसं: तीन. भाडं: सातशेपर्यंत. पाणी: रोज दोन तास. जिने: शक्यतो नकोत.

जिन्याचं कलम भामाच्या गुडघ्यांसाठी होतं. ते लिहून झाल्यावर ती म्हणाली, "अजून एक लिहा. आडनाव: विचारू नये."

मी तिच्याकडे पाहिलं. आम्ही मराठवाड्यातले बौद्ध, आडनाव खिल्लारे. अठ्ठ्याहत्तर साली मलकपेठेत घर शोधत होतो तेव्हा पाच घरं आमचं आडनाव ऐकेपर्यंत रिकामी होती. सहाव्या घरी अप्पाराव भेटले. त्यांनीही विचारलंच. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरकारी नौकरी है ना? पाँच तारीख को किराया." तेव्हापासून भामा त्या माणसाचा सुतकी चेहरा देवमाणसाचा समजत आली होती. म्हणून मी ते कलम लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं.

आता हे टाईप करायचं काम वैशालीकडे गेलं. वैशाली अमीरपेठेत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकत होती आणि सकाळच्या बॅचला शिकवतही होती. क्लास दोन खोल्यांचा, एका इडलीच्या हॉटेलवर. पण नाव 'ग्लोबल इन्फोवर्ल्ड इंटरनॅशनल'. त्या दिवसांत जितक्या खोल्या कमी तितकं नाव लांब असायचं. वैशाली इंग्रजी शाळेत शिकलेली, दुसरी भाषा तेलुगू. मराठी बोलते फर्मास, पण वाचताना डोळ्यांच्या डॉक्टरकडचा फळा वाचल्यासारखी एकेक अक्षर वाचते. तिने माझ्या मराठी कागदाचं इंग्रजी केलं, क्लासच्या कॉम्प्युटरवर तक्ता केला आणि छापून, पाकिटं चिकटवून घरी आणली. मी फक्त पत्ते घातले, पुढे त्यांचे आणि मागे आमच्या घराचा.

त्या छपाईत काय झालं ते मला दोन महिन्यांनी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे पुढे माझ्यासारखं बावचळायला होणार नाही. पहिली गोष्ट, तिथल्या कॉम्प्युटरवर काहीही छापलं तरी कागदाच्या माथ्यावर आपोआप 'ग्लोबल इन्फोवर्ल्ड इंटरनॅशनल' हे नाव, पत्ता आणि फोन नंबर यायचा. दुसरी गोष्ट, तक्त्यातला एक आकडा तिच्याकडून पुसला गेला आणि उजवीकडचं सगळं एकेक घर वर सरकलं. त्यामुळे आमच्या गरजा महाराष्ट्राच्या सीमेपासून गोदावरीच्या मुखापर्यंत अशा पोचल्या:

खोल्या: तीन. माणसं: सातशे. भाडं: रोज दोन तास. पाणी: शक्यतो नको. जिने: विचारू नये.

उत्तरं येऊ लागली. मला वाटलं होतं, लोक पोस्टकार्डावर चार ओळी खरडतील. वरंगलहून एका लॉजच्या मालकाने लॉजचा नकाशा पाठवला आणि खाली लिहिलं, 'एका खाटेवर पाळीपाळीने तिघे झोपतील, अशी व्यवस्था होऊ शकते.' तिघांचं कुटुंब पाळीपाळीने कशाला झोपेल, ते मला कळेना. भामा म्हणाली, "गरीब दिसतोय बिचारा, एकच खाट असेल." राजमहेंद्रीहून एका गृहस्थांनी मिठाईचा डबा आणि मुलाचा बायोडाटा पाठवला. आम्हाला वाटलं वैशालीसाठी स्थळ आलं. वैशालीने दोन दिवस जेवण सोडलं. बायोडाटा पुन्हा वाचल्यावर मुलाला नोकरी हवी होती, मुलगी नव्हे, असं निघालं. मग ती मिठाईसकट जेवली.

कर्नूल भागातल्या कुठल्याशा कचेरीतून सगळ्यात सविस्तर पत्र आलं. 'आपणांस पाण्याची गरज नाही याची या कार्यालयाने आनंदाने नोंद घेतली आहे. तथापि आपल्या पत्रावर जावक क्रमांक नसल्याने सदर आनंद नियमित करता येत नाही. पत्र तीन प्रतींत पुन्हा पाठवावे.' तीस वर्षं मी असली पत्रं लिहिली, पण आपल्यावर आलेलं असलं पत्र वाचायची ही पहिलीच वेळ. भाषा उत्तम होती.

आणि निजामाबादहून आली तार. अंबाजीची. अंबाजी भामाचा मावसभाऊ, तिथल्या एका भातगिरणीत कारकून. तारेत एवढंच: 'ताबडतोब निघा. सर्व तयारी झाली.'

"बघा," भामा म्हणाली, "नात्याचा माणूस तो नात्याचा. घर बघून ठेवलंय."

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी गौलीगुड्याच्या स्टँडवरून आम्ही दोघं बसलो. खलीलभाई पोचवायला आले होते. त्यांनी कंडक्टरला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, आणि आम्हाला पुढची जागा मिळाली. ती अशा मानाची सुरुवात होती, जो पुढे माझ्या मानगुटीवर बसणार होता.

निजामाबादच्या स्टँडवर उतरलो तर समोर बँड. कोणाचं लग्न आहे म्हणून मी भामाला बाजूला घेतलं. तेवढ्यात बँड आमच्या बाजूला वळला. पुढे अंबाजी, सफारी सूटमध्ये. मागे पंचवीसेक माणसं. माझ्या गळ्यात झेंडूचा हार, भामाच्या गळ्यात मोगऱ्याचा. कोणीतरी ओरडलं, "ग्लोबल कंपनी!" बाकीचे ओरडले, "झिंदाबाद!"

"अंबाजी, हे काय आहे?" मी त्याच्या कानात ओरडलो.

"भावजी, तुम्ही काही बोलू नका," अंबाजी माझ्या कानात ओरडला. "मोठी माणसं बोलत नसतात."

आम्हाला जीपमध्ये घातलं. आधी एक भातगिरणी दाखवली. मालक म्हणाला, तुसाची जरा धूळ आहे, कॉम्प्युटरला चालेल ना? मी म्हणालो, मला दोन खोल्या आणि मोरी पाहिजे. मालक खो खो हसला आणि अंबाजीला म्हणाला, "साहेब विनोदी आहेत." मग एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर दाखवलं. तिथे सातशे खुर्च्या आहेत, अगदी नेमक्या सातशे, असं त्या मालकाने तीनदा सांगितलं. मी विचारलं, स्वयंपाकघर कुठे? तो म्हणाला, पडद्याच्या मागे करू.

शेवटी मी जीप थांबवायला लावली. खरोखर दोन खोल्यांचं एक साधं घर समोर होतं. खाली, जिना नाही, अंगणात हापसा. भामाचा चेहरा उजळला. मी उतरून मालकाला भाडं विचारलं.

"अठराशे."

"अठराशे? अहो, हैदराबादेत मी सातशे देतो!"

"गेल्या महिन्यापर्यंत पाचशेच होतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "आता कंपनी येते आहे ना."

"कोणती कंपनी?"

त्याने माझ्या गळ्यातल्या हाराकडे बघितलं. "तुमचीच."

तेव्हा अंबाजीने खिशातून घडी घातलेलं पत्र काढून अभिमानाने उघडलं, आणि मी ते पहिल्यांदा वाचलं. परवडणारं शहर शोधता शोधता मी एक परवडणारं शहर संपवलं होतं.

"अंबाजी," मी म्हणालो, "अरे, ही चूक झाली. सातशे हे भाडं आहे. माणसं तीन आहेत. मी, तुझी ताई आणि वैशाली."

अंबाजी गंभीर झाला. सगळ्यांकडे वळून म्हणाला, "सुरुवातीला फक्त तिघं येणार आहेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी शाळेच्या मैदानात सभा होती. मंडप, माईक, खुर्च्या. सगळ्यात मागे विडी वळणाऱ्या बायका बसल्या होत्या, कारण कोणीतरी सांगितलं होतं की कंपनी बायकांनाही कामाला घेणार. स्टेजवर चढण्याआधी त्यांच्यातली एक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पन्नाशीची, बोटं तंबाखूने काळी झालेली. बोली नांदेडकडची.

"साहेब, मी सरुबाई. पोरगी हाय माझी, गीता. बारावी झाली. तिला तुमच्या कंपनीत घेता का? विडीला बसवायची नाही मला तिला."

इतका वेळ मला आपली फजिती झाली एवढंच वाटत होतं. त्या बाईच्या बोटांकडे बघून मात्र मी गळ्यातला हार उतरवला. फजिती माझी होती; नुकसान तिचं झालं असतं.

"सरुबाई," मी म्हणालो, "कंपनी नाही. मी साधा कारकून आहे. घर बघायला आलोय. कागदावर चुकून भलतंच छापलं गेलं."

ती म्हणाली, "मग हे समद्यांला सांगा की. माझ्या एकटीच्या कानात कशाला?"

मी स्टेजवर गेलो आणि माईक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. मराठी, उर्दू आणि मोडक्या तेलुगूत, तिन्ही भाषांत मी सांगितलं की कोणतीही कंपनी येणार नाही, ही माझी चूक आहे, भाडी पूर्ववत करावीत, आणि मला क्षमा करावी.

मग पहिल्या रांगेतला एक वकील उठला. म्हणाला, "मित्रांनो, मोठी कंपनी येण्याआधी नेहमी 'येणार नाही' असंच म्हणते. जमिनी स्वस्तात मिळाव्यात म्हणून! पण आपण फसणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बँडने पुन्हा सुरुवात केली. मागच्या रांगेतून फक्त सरुबाई उठली, पोरीचा हात धरला आणि घरी निघून गेली. त्या सगळ्या मैदानात माझ्यावर विश्वास ठेवणारं ते एकटं माणूस.

परतीच्या बसमध्ये भामाने आपला हार मांडीवर घेतला होता. कामारेड्डी आल्यावर म्हणाली, "मोगरा चांगला होता हो."

चार दिवसांनी अप्पाराव आले. पाच तारीख नव्हती आणि हसतही नव्हते. आत येऊन त्यांनी स्वतः दार लावून घेतलं.

"उत्तमराव गारू, उन्नीस साल का रिश्ता है. मेरे से बी छुपाए?"

त्यांचा मेहुणा निजामाबादचा निघाला. मी कपाळावर हात मारला आणि पत्राची सगळी कहाणी सांगितली. तक्ता दाखवला, माझा मूळ मराठी कागद दाखवला. वैशालीने सगळं तेलुगूत पुन्हा समजावलं आणि स्वतःची चूक कबूल केली. अप्पाराव शांतपणे ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "वहाँ बस अड्डे के पास एक पुराना मकान है. लेऊँ?"

"नका घेऊ!" मी मराठीतच ओरडलो. "मत लो! डूब जाओगे!"

"आपको लेना है क्या अंडी?"

मी हात जोडले. मुलीच्या गळ्याशपथ म्हणालो. शेवटी कागद काढून 'निजामाबादेत कोणतीही कंपनी येत नाही' असं लिहून खाली सही करून दिली. अप्पारावांनी तो कागद दोनदा वाचला, जपून खिशात ठेवला आणि म्हणाले, "इत्ता लिख के कौन देता अंडी? कुछ तो बहुत बड़ा है."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ते घर घेतलं. अपार्टमेंट रद्द, कारण त्यांचे पैसे तिकडे गेले आणि बिल्डरही तिकडेच गेला. जाता जाता ते मला म्हणाले, तुम्ही इथेच राहा, पाच वर्षं राहा, घाई काय आहे. भामाला आनंद झाला. मला मात्र घास गोड लागेना. ज्या माणसाने आम्हाला घर दिलं, तो माझ्या सहीने बुडायला निघाला होता.

पण स्वतःचं बुडणं समोर आल्यावर दुसऱ्याच्या बुडण्याचा विचार मागे पडतो. कचेरीत माझ्या टेबलावर मेमो होता. 'आपण सरकारी सेवेत असताना एका बहुराष्ट्रीय कंपनीचे प्रतिनिधी म्हणून निजामाबाद येथे सत्कार स्वीकारल्याचे समजते. कारणे दाखवा.' निवृत्तीला अकरा महिने, आणि पेन्शनच्या गळ्याला तात. मी साहेबांसमोर उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, ती कंपनी नाही. इडलीच्या हॉटेलवरचा क्लास आहे."

साहेब म्हणाले, "तोंडी चालत नाही. तुम्ही त्या कंपनीत नाही, असं त्या कंपनीचं प्रमाणपत्र आणा."

म्हणून मी वैशालीबरोबर अमीरपेठेत गेलो. क्लासचे संचालक मिलिंद सर, मुंबईचे, वय अठ्ठावीस, टाय लावून इडली खात होते. वैशाली घाबरून माझ्या मागे उभी होती. तिला वाटत होतं आज तिची नोकरी जाणार. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

"काका, माफी कसली मागता? दोन वर्षं पेपरात जाहिराती दिल्या, एवढे फोन आले नाहीत. एकट्या निजामाबादहून एकशे चाळीस मुलांनी विचारलंय, क्लास कधी सुरू करता म्हणून! शाखा उघडतोय मी तिथे. बस स्टँडजवळ एक घरही बघितलंय. कोणी अप्पाराव म्हणून आहेत." मग वैशालीकडे वळून म्हणाले, "तू येशील ना शिकवायला?"

वैशाली मागून पुढे आली. मी होतो तिथेच बसलो.

प्रमाणपत्र त्यांनी लगेच छापून दिलं. 'श्री. खिल्लारे हे आमच्या संस्थेचे कर्मचारी नाहीत. आमच्या निजामाबाद प्रकल्पासाठी त्यांनी केलेले कार्य पूर्णपणे मानद आणि निःस्वार्थ आहे.' मी म्हणालो, दुसरं वाक्य काढा. ते म्हणाले, राहू द्या काका, तुमच्याबद्दल आदर आहे. साहेबांनी दुसरं वाक्य तीनदा वाचलं. मग दार लोटून हळूच विचारलं, "खिल्लारे, माझा भाचा बीकॉम आहे. तिथे काही जमेल का?" मेमोवर त्या दिवसापासून आजतागायत कोणी काही बोललेलं नाही.

उगादीनंतरच्या गुरुवारी उद्घाटन झालं. अप्पारावांच्या घराला नवा रंग, आत चार कॉम्प्युटर, बाहेर तोच बँड. अंबाजी त्याच सफारीत. अप्पाराव भाडेकरूच्या दारात उभे राहून चक्क हसत होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खिशातला माझ्या सहीचा कागद काढून दाखवत होते. "देखो. इनो लिख के दिए, कंपनी नै आरी बोलके. मैं तबीच समझ गया." लोक कागद वाचायचे, माझ्याकडे बघायचे आणि 'लबाड आहे, पण कामाचा आहे' अशा अर्थाने मान हलवायचे. अडीच महिने मी भेटेल त्याला खरं सांगत हिंडलो होतो. सबंध जिल्ह्यात खोटा ठरलेला माणूस मी एकटा.

आत वैशाली टेबलामागे बसून नावं लिहून घेत होती. पहिल्या दहा मुलींना फी माफ, असं मिलिंद सरांनी जाहीर केलं होतं. नऊ नावं झाली होती. दाराशी सरुबाई उभी होती, बाजूला गीता. मला बघून तिने पदर सावरला. राग नव्हता तिच्या तोंडावर. कोडं पडलेलं होतं.

"साहेब, समदं गाव एकीकडं आन् म्या एकटीनं तुमचं ऐकलं. पोरीला म्हनलं, काय येत न्हाई कंपनी. शिवणाच्या क्लासात घातली तिला. आन् आता हे काय?"

"सरुबाई, मी खरंच बोललो होतो हो," मी म्हणालो. "नंतर ते खोटं झालं."

"आसं आसतंय व्हय?"

"यंदा तसं चाललंय खरं."

तिने त्या चार कॉम्प्युटरांकडे बोट केलं. बँड थांबला होता. आजूबाजूचे दोघं-चौघं कान देऊन उभे होते.

"मंग आता तुमीच सांगा," ती म्हणाली. "टिकंल का हे? पोरीचं भलं व्हईल का ह्यात?"

मी खूप विचार केला. इडलीचं हॉटेल आठवलं, चार कॉम्प्युटर मोजले, मिलिंद सरांचा टाय बघितला. आणि मनापासून, जे वाटलं तेच प्रामाणिकपणे सांगितलं.

"नाही सरुबाई. मला नाही वाटत हे टिकेल."

सरुबाईचा चेहरा एकदम खुलला. तिने गीताला दोन्ही हातांनी टेबलाकडे ढकललं.

"लिव्ह गं नाव. लवकर!"